दाविदाची कथा ओवींत गाणारे फादर स्टीफन्स

वर्तमानपत्र उघडावें तर बलाढ्याशीं झुंजणाऱ्या दुबळ्यास दावीद म्हटलेलें आढळतें, आणि महायुद्धाची भीति उपजली कीं हर्मगिदोनाचें नांव निघतें. १९१८ सालीं पॅलेस्टाईनमध्यें जय मिळविणाऱ्या सेनापति ॲलन्बी ह्यांनीं तर पुढें आपल्या पदवींतच मगिद्दो हें नांव घेतलें. परंतु पवित्र शास्त्रांतील कथा चारशें वर्षांपूर्वीं मराठी ओवींत गुंफणाऱ्या पुरुषाचें चरित्र नांदगांवच्या मंडळीस ज्युबिलीच्या निमित्तानें सांगणें उचित वाटतें.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सन १५४९ च्या सुमारास झाला. त्या काळीं तेथें कॅथलिक धर्म पाळणें संकटाचें होतें. रोम येथें ते येशूसंघांत दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. पुढील आयुष्य त्यांनीं बहुतांशीं साष्टी प्रांतांतच वेंचलें.

जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु मारले गेले. त्यापूर्वीं पोर्तुगीज सत्तेनें त्या भागांतील देवळें पाडलीं होतीं, आणि नंतर गांवच्या पुढाऱ्यांना बोलावून ठार केलें, हेंही आपण लपवूं नये. संघबंधूंचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचें काम फादर स्टीफन्स ह्यांच्या वाट्यास आलें.

अशा प्रसंगीं जुन्या करारांतील युद्धांत सूडाचें समर्थन कोणासही सहज सांपडलें असतें. फादर स्टीफन्स ह्यांनीं मात्र साष्टीच्या लोकांची बोली शिकून तिचें व्याकरण रचिलें. जुनीं पुराणें सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांस श्रवणासाठीं कांहीं हवें होतें. ती भूक ओळखून त्यांनीं मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' लिहिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा आहे. परंतु तिची वाट दुसऱ्या पुराणांतील प्रभूकडे, म्हणजे क्रुसावरून शत्रूंसाठीं क्षमा मागणाऱ्या दाविदाच्या पुत्राकडे जाते. १६१९ सालीं फादर स्टीफन्स गोव्यांतच प्रभुवासी झाले.

शेताच्या बांधावरून किंवा वडिलोपार्जित घरावरून तंटा उद्भवला कीं आपण स्वतःस दावीद समजतों आणि शेजाऱ्यास गल्याथ ठरवितों. गोफण उचलण्यापूर्वीं, त्याची भाषा आपण कधीं शिकलों काय, एवढें प्रत्येकानें ह्या ज्युबिलीच्या वर्षीं स्वतःस विचारावें.