विधिशास्त्रज्ञ ह्यूगो ग्रोशियस

आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या ह्यूगो ग्रोशियस यांचा अल्पसा परिचय ज्ञातिबांधवांस, विशेषतः वकिलीचा अभ्यास करणाऱ्या आमच्या तरुणांस, करून देण्याचे योजिले आहे.

हॉलंडातील डेल्फ्ट येथे १० एप्रिल १५८३ रोजी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षीच ते लायडनच्या विद्यापीठात दाखल झाले. १६०३ साली डचांनी सिंगापूरनजीक पोर्तुगिजांचे मालाने भरलेले जहाज पकडले. त्या प्रकरणाच्या समर्थनार्थ केलेल्या लिखाणातून १६०९ साली त्यांचा मुक्त समुद्राविषयीचा ग्रंथ निघाला. समुद्र कोणाही राजाच्या मालकीचा नव्हे, असे त्यात प्रतिपादन होते. गोव्याच्या पोर्तुगिजांचा परवाना घेतल्यावाचून आपल्या कोकणपट्टीच्या गलबतांस सफर करणे दुर्घट होते, त्या काळची ही गोष्ट. मात्र ही वकिली डच कंपनीकरिता होती. १६१३ साली लंडनच्या वाटाघाटींत ते कंपनीच्या मक्त्याची बाजू मांडू लागले, तेव्हा इंग्रजांनी त्यांचाच ग्रंथ त्यांच्यापुढे केला!

पुढे धर्ममतांच्या कलहात त्यांचा पक्ष पडला. १६१९ साली त्या पक्षाचे वयोवृद्ध पुढारी ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा शिरच्छेद झाला व ग्रोशियस यांस जन्मठेप होऊन लुव्हेस्टाइनच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पत्नी मारिया स्वेच्छेने त्यांच्यासमवेत राहिली. ग्रंथांची एक पेटी किल्ल्यात येत-जात असे. पहारेकरी ती उघडून पाहीनासे झाल्याचे त्या चतुर बाईने हेरले आणि मार्च १६२१ मध्ये पतीस त्याच पेटीत निजवून बाहेर धाडले. पेटीबरोबर एक विश्वासू दासी गेली. मारिया मागे राहिली. या प्रसंगी ग्रोशियस यांच्या विद्वत्तेपेक्षा तिचे धैर्यच आम्हांस थोर वाटते.

पॅरिसमध्ये परागंदा असता १६२५ साली त्यांनी युद्ध व शांतता यांच्या कायद्यावरील आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला. शिक्षा सूडासाठी नसावी; तिने अपराध्याची सुधारणा वा समाजाचे रक्षण व्हावे. देशोधडीस लागलेल्या परकीयांनी तेथील शासन मानल्यास त्यांस थारा द्यावा. परराज्यात अपराध करून आलेल्यास मात्र शिक्षा करावी अथवा त्या राज्याच्या स्वाधीन करावे. ही तत्त्वे बंदिवास व निर्वासन भोगलेल्या मनुष्याने लिहिली आहेत. युद्धात पकडलेल्यांस दास करण्याची रूढी मात्र त्यांनी वैध मानली. हे वैगुण्य झाकण्याजोगे नाही.

१६३१ साली ते मायदेशी परतले, परंतु अटकेच्या भयाने पुढील वर्षीच त्यांस निघावे लागले. १६३४ पासून त्यांनी पॅरिसमध्ये स्वीडनची वकिलात सांभाळली. जहाज फुटल्यानंतरच्या प्रवासात रोस्टॉक येथे २८ ऑगस्ट १६४५ रोजी त्यांचे देहावसान झाले. जिवंतपणी ज्यांस हॉलंडात थारा मिळाला नाही, त्यांच्या देहाचे दफन मात्र डेल्फ्टच्या चर्चमध्ये झाले.