टेकडीवरचा मठ आणि आपली गच्ची

चंडीगढची आखणी करणारा म्हणून ल कॉर्बुझिए आपल्याला माहीत असतो. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्याच्याच हाताखाली पॅरिसमध्ये घडले. पण मला वाटतं, आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांशी त्याचं नातं याहून जवळचं आहे.

स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांच्या गावात १८८७ साली त्याचा जन्म झाला. विशीच्या उंबरठ्यावर, १९०७ मध्ये, इटलीत हिंडताना त्याने फ्लॉरेन्सजवळच्या एमा इथला टेकडीवरचा एकाकी मठ पाहिला. प्रत्येक साधूला स्वतंत्र छोटं घर, बागेचा तुकडा, पुढे मोकळी टेकडी. प्रार्थनेची जागा आणि ओवरी मात्र सगळ्यांची. दार लावलं की एकांत, उघडलं की सोबत. हे त्याच्या मनात कायमचं बसलं.

महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, तेव्हा मार्सेयमध्ये त्याला ते उतरवता आलं. १९५२ मध्ये ३३७ घरांची इमारत पूर्ण झाली. घरोघरी खोल सज्जा, मधल्या मजल्यांवर दुकानं, गच्चीवर मुलांसाठी उथळ हौद आणि धावायची वाट. लोकांनी तिला वेड्याचं घर म्हणून हिणवलं. आज ती जागतिक वारसा आहे.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पॅरिसचा मोठा भाग पाडून तिथे टॉवर उभारायची त्याची १९२५ ची योजना बारगळली, ते बरंच झालं!

आणि स्वतःसाठी त्याने काय बांधलं? समुद्रकाठच्या उतारावर, झाडीत, बारा फूट बाय बारा फुटांची लाकडी खोली. स्वयंपाकघरसुद्धा नाही, जेवण शेजारच्या खाणावळीत. तिथल्याच समुद्रात पोहताना २७ ऑगस्ट १९६५ रोजी तो गेला.

आपल्याकडे आता पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. कार्पेट एरिया किती वाढणार, हे आपण विचारणारच, विचारायलाच हवं. पण नव्या इमारतीत गच्ची सगळ्यांची राहणार का, जिन्यात दोन माणसांना थांबून बोलायला जागा असणार का, हेही नकाशावर सही करण्याआधी विचारू या. पंचवीस वर्षांची कोजागिरी आपण कुणाच्या फ्लॅटमध्ये नाही, गच्चीवरच केली आहे.