स्वामी रामानंद तीर्थ : चार भाषांच्या मुलखाचे पुढारी

जनवाडा परिसरात मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा रोज आमच्या कानावर पडतात. भाषा विशेषांकाच्या निमित्ताने, या चारही भाषकांनी ज्यांना आपले मानले, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आजच्या उत्तर कर्नाटकातला. संन्यास घेतल्यावरही त्यांनी मठ धरला नाही, शाळा धरली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी मुले घडविली. पुढे १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात तेच कार्य चालविले. निजामी राजवटीत कारभार उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतच होते. संस्थानात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू व चौथाई मराठी बोलणारी होती. तिच्या भाषेला दरबारात स्थान नव्हते.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. ती मोडून सत्याग्रह करणाऱ्या स्वामीजींना कारावास भोगावा लागला. १९४७-४८ च्या अखेरच्या लढ्याचे नेतृत्वही त्यांच्याकडेच होते. भारत स्वतंत्र झाला त्याच सुमारास निजामाने त्यांना पुन्हा तुरुंगात टाकले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, त्याचेच भाषेनुसार विभाजन व्हावे, अशी भूमिका त्यांनी घेतली. पंडित नेहरूंना हे विभाजन प्रथम मान्य नव्हते. विभाजनाने आपल्या नेतृत्वाचा पायाच जाईल, हे स्वामीजींना दिसत नव्हते असे नाही. परंतु लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हे तत्त्व त्यांनी मोठे मानले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. आमचा बीदर जिल्हाही तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. सीमेवरच्या अनेक मराठी कुटुंबांना ही रेघ आजही सलते.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून आले. आधी कानडी मुलखाने आणि मग मराठी मुलखाने त्यांना आपला प्रतिनिधी केले. तेलंगणातील पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरुस्थानी मानीत. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडचे विद्यापीठ आज त्यांचे नाव चालविते.

स्वामीजींचे तत्त्व रेघेपाशी थांबत नाही, असे आम्हांस वाटते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे संविधानाचे ३५०-अ हे कलम सांगते. तेही १९५६ मध्येच आले. सीमेच्या अलीकडे मराठी मुलाला आणि पलीकडे कानडी मुलाला ती सोय मिळावी, यासाठी शेजाऱ्याशी वैर न धरता आग्रह धरणे, हेच स्वामीजींचे खरे स्मरण होय.