ओल्ड टॉम मॉरिस

थॉमस मिचेल मॉरिस तथा ओल्ड टॉम मॉरिस (१६ जून १८२१ - २४ मे १९०८) हे सेंट अँड्र्यूज येथील स्कॉटिश गोल्फपटू व मैदान-रचनाकार होते. ओपन चॅम्पियनशिपचे सर्वांत वयस्कर विजेते हा त्यांचा विक्रम अद्याप अबाधित आहे.

तरुणपणी ते अ‍ॅलन रॉबर्टसन यांच्याकडे पिसे भरलेले चामडी चेंडू बनवीत. स्वस्त गटापर्चा चेंडूवरून दोघांत वितुष्ट आले व १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला गेले. तेथे त्यांनी आखलेल्या १२ होलच्या मैदानावर १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली. तीत ते दुसरे आले. १८६१, १८६२ व १८६४ मध्ये ते विजयी झाले. १८६५ पासून ते सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची देखभाल करू लागले. १८६७ मध्ये वयाची ४६ वर्षे उलटल्यावर त्यांनी चौथे विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी त्यांचा १७ वर्षांचा मुलगा यंग टॉम सर्वांत तरुण विजेता ठरला; उपविजेते वडीलच होते.

१८७५ मध्ये सून बाळंतपणात दगावली आणि त्याच नाताळच्या दिवशी यंग टॉमचेही २४व्या वर्षी निधन झाले. मॉरिस १९०३ पर्यंत मैदानाची निगा राखत राहिले. जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. ओल्ड कोर्सच्या अठराव्या होलला त्यांचे नाव आहे.