न घेतलेली नादारी

नादारी या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. गरीब विद्यार्थ्याला शाळेत फी माफ होई तीही नादारी, आणि कर्ज फेडण्याची ऐपत उरली नाही असे माणूस कोर्टात लिहून देई तीही नादारीच. पहिल्या नादारीवर माझे वडील सातवीपर्यंत शिकले. दुसरी नादारी कायद्याने मोकळी असतानाही जो तिच्या दारात गेला नाही, अशा एका नटाची हकीकत मी सांगणार आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहान वयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ अशी एकाहून एक सरस नाटके आली, थिएटरे भरून वाहू लागली. मग कर्ज झाले कसे?

झाले ते रसिकतेपायी. शालू भरजरीच हवा, अत्तर खरेच हवे, गालिचा अस्सलच हवा, साथीला कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला हवा. ‘द्रौपदी’ नाटकातील मयसभेवर तर पैसा पाण्यासारखा ओतला गेला. प्रेक्षक हेच आपले मायबाप, त्यांना खोटे दाखवायचे नाही, हा त्यांचा बाणा. बाणा थोर खरा, पण जमाखर्चाची वही बाण्यावर चालत नाही! भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि १९२१ साली लाखावर कर्जासह मंडळी एकट्या नारायणरावांच्या माथी आली. लाख रुपये म्हणजे त्या काळी केवढी रक्कम!

मुंबई शहरापुरता नादारीचा कायदा १९०९ सालचा, बाकीच्या मुलखासाठी १९२० सालचा. मालमत्ता कोर्टाच्या हवाली करावी, ती सावकारांत वाटली जावी आणि उरलेल्या देण्यातून माणसाने मोकळे व्हावे, अशी त्याची साधी रीत. चाहते निधी जमवून कर्ज फेडायलाही तयार होते. नारायणरावांनी दोन्ही वाटा नाकारल्या. नाटक करूनच फेडीन, असा त्यांचा हट्ट. त्याच वर्षी ८ जुलैला केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी संयुक्त ‘मानापमान’ केले, पण ते टिळक स्वराज्य फंडासाठी. स्वतः कर्जात बुडालेला माणूस दुसऱ्याच्या झोळीसाठी गात होता, याचे मला फार नवल वाटते.

पुढची सात वर्षे गावोगावी प्रयोग झाले. ‘एकच प्याला’तली सिंधू नवऱ्याच्या शब्दाखातर माहेरची पैही घेत नाही, दळणे दळून संसार रेटते. फाटके लुगडे नेसून ते ही भूमिका करीत आणि त्याच प्रयोगांच्या उत्पन्नातून देणे फिटत होते. सात वर्षांत कर्ज फिटले.

येथे घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारीत. पुढे त्यांनी कर्ज काढून स्वतःचा लहानसा गाळा चालवला, तो बसला. काही रक्कम भरून बाकी सोडून देण्याची तडजोड बँकेने पुढे केली आणि त्यांनी ती मान्य केली. पण सिबिलच्या कागदावर त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडला. तीनशे ते नऊशेच्या त्या मोजपट्टीवर आकडा खाली आला, आणि पुढे कोणत्याही बँकेत गेले की साहेब आधी तो शेरा पाहतो. पुरते फेडलेल्या खात्यावर असा डाग राहत नाही. वडिलांनी वाईट केले असे मी म्हणणार नाही. बालगंधर्वांकडे गळा होता, यांच्याकडे दोन हात आणि पॉलिशच्या धुळीचा खोकला.

आणि बालगंधर्वांचे तरी काय झाले? गेलेली पत परत आली, पण वही तशीच राहिली. पत आली म्हणजे उसने देणारे आले, उसने आले म्हणजे पुन्हा अत्तर आले. मला वाटते, आधीच्या संकटापेक्षा ही फेडच त्यांना अधिक महाग पडली, कारण आपण काहीही फेडू शकतो असा विश्वास तिने दिला. तशात बोलपट आला. त्या लाटेत मोठमोठ्या मंडळ्या वाहून गेल्या. आमच्या मीरा-भाईंदरमधील नाट्यगृहाला ज्या लतादीदींचे नाव आहे, त्यांच्या वडिलांची, मास्टर दीनानाथांची बलवंत मंडळीही त्यातच बुडाली. गंधर्व मंडळी पुन्हा कर्जात गेली आणि बंद पडली. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले. करार सहा चित्रपटांचा होता, तो एकावरच संपला. समोर माणसे नसताना गाणे त्यांना मानवले नसावे. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले, परंतु वय झाले होते आणि यावेळी सात वर्षे पुरणार नव्हती.

१९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली खुद्द त्यांच्याच हस्ते झाले होते. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले, आणि रंगमंदिर उघडले ते पुढच्या वर्षी, २६ जूनला.