मलिकंबरी धारा

परंड्याच्या किल्ल्यावर लोक तोफा पाहायला जातात. मी पडलो जन्मभर बँकेत खतावण्या तपासलेला माणूस. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या त्या तटावर मला आठवतो तो एक हिशेब, मलिक अंबरचा.

इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या पदरी राहून त्याने राज्यकारभार जवळून पाहिला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा निजामशाही बुडालीच असे वाटत होते. अंबरने राजघराण्यातल्या मुर्तझाला परंड्याला गादीवर बसवले आणि राज्य पुन्हा उभे केले.

पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे त्याने मोगलांना झुंजवले. १६१० मध्ये खडकी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. हे सारे शाळेच्या पुस्तकात असते. मला मात्र त्याचा धारा मोठा वाटतो.

पूर्वी गावाचा वसूल मक्त्याने दिला जाई. सरकारने विचारावे आणि एक ठोक आकडा समोर यावा. त्यात काळी किती, माळरान किती, पीक किती आणि मक्तेदाराने मारलेला डल्ला किती, काहीच कळत नसे. अंबरने मक्ते मोडले. जमिनीची प्रत ठरवली, प्रत्यक्ष उत्पन्न पाहिले आणि त्यावर सरकारचा हिस्सा बांधला. गावगाड्याची जुनी चौकट मात्र ठेवली. प्रश्न तोच होता. उत्तराची मांडणी बदलली.

हाच पेच संगणकाच्या भाषा घडवणाऱ्यांनाही पडतो, हे पुतण्याने सांगितले तेव्हा मला गंमत वाटली. यंत्राच्या मूळ व्यवस्थेला एखाद्या फाइलची माहिती विचारली, तर उत्तर कसे यावे? पायथन नावाच्या भाषेत पूर्वी दहा आकड्यांची नुसती ओळ येई. त्यातला कितवा आकडा फाइलच्या आकाराचा आणि कितवा वेळेचा, हे विचारणाऱ्यानेच ध्यानात ठेवायचे. २००१ च्या अखेरीस त्या आकड्यांना नावे मिळाली. जुना क्रमही राखला, म्हणून आधी लिहिलेले काम अडले नाही.

यंत्राच्या बाबतीत घोटाळा झाला तर काम खोळंबते. अंबरच्या काळात प्रश्न पोटाचा होता. आमच्या अवर्षणी मुलखात पीक बुडाले, तरी ठोक आकडा तसाच उभा राही. पिकाचा रकाना वेगळा झाला, की तो रिकामा आहे हे सरकारला दिसे.

१६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. दहा वर्षांत निजामशाहीही संपली. मराठी अमदानीत मात्र त्याच्या धाऱ्याचे नाव निघत राहिले. सरकारने उत्तर कोणत्या रूपात मागितले, यावर कुणब्याच्या कणगीत दाणा उरणार की नाही हे ठरत होते.