हिमातील धूळ गोळा करणारा दर्यावर्दी : अडॉल्फ एरिक नॉर्डेनशोल्ड

युरोप आणि आशिया खंडांच्या उत्तर किनाऱ्यालगतचा सागरी मार्ग प्रथमच पार करणारा दर्यावर्दी, ही अडॉल्फ एरिक नॉर्डेनशोल्ड यांची जगाला असलेली ओळख. मात्र पृथ्वीवर अंतराळातून सतत पडणारी सूक्ष्म धूळ ध्रुवप्रदेशातील हिमात शोधण्याचा ध्यास घेणाऱ्या पहिल्या काही संशोधकांतही त्यांची गणना करावी लागते. त्यांच्या चरित्रातील ही बाजू काहीशी झाकलेलीच राहिली.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८३२ रोजी हेलसिंकी येथे झाला. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वडील नामांकित खनिजशास्त्रज्ञ. त्यामुळे दगडधातूंची पारख घरातच मिळाली. तरुणपणी एका समारंभातील भाषणामुळे रशियन गव्हर्नर जनरलची गैरमर्जी ओढवली आणि १८५७ मध्ये मायभूमी सोडावी लागली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने खनिज विभाग त्यांच्याकडे सोपवला.

१८७० मध्ये ते ग्रीनलंडच्या हिमपठारावर चढले. तेथे बर्फात ठिकठिकाणी नळीसारखी उभी भोके पडलेली होती आणि प्रत्येकाच्या तळाशी करड्या-काळ्या धुळीचा थर होता. गडद रंगामुळे ही धूळ सूर्याची उष्णता शोषते, खालचे बर्फ वितळवते आणि स्वतःच खोल उतरत जाते. तिला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘क्रायोकोनाइट’, म्हणजे हिमधूळ, असे नाव दिले. यातील काही अंश तरी आकाशातून आलेला असावा, असे त्यांना वाटू लागले.

डिसेंबर १८७१ मध्ये स्टॉकहोममध्ये प्रचंड हिमवर्षाव झाला. नॉर्डेनशोल्ड यांनी ते हिम वितळवले, तेव्हा तळाशी काजळीसारखी भुकटी उरली आणि तिच्यातून लोहचुंबकाने शुद्ध लोखंडाचे कण वेचता आले. शंका साहजिक होती. शहराच्या धुराड्यांतून काय काय उडत असेल! म्हणून त्यांनी फिनलंडच्या अरण्यप्रदेशात राहणाऱ्या भावाकडून हिम वितळवून घेतले. तेथेही लोखंड निघाले. १८७२ च्या उन्हाळ्यात, स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस, कोणत्याही कारखान्यापासून शेकडो मैल दूर तरंगत्या बर्फावरून त्यांनी पुन्हा नमुने घेतले. या वेळी लोखंडाबरोबर निकेल आणि कोबाल्टही आढळले. लोखंडाशी निकेलची अशी सोबत ही उल्कापाषाणांची ओळखीची खूण.

त्या मोहिमेची किंमतही जबर होती. परत जाऊ पाहणारी दोन्ही मदतनीस जहाजे बर्फात अडकली, एका जहाजाच्या शिध्यावर तिघांच्या माणसांना हिवाळा काढावा लागला आणि ओझी ओढण्यासाठी आणलेली रेनडिअर जवळजवळ सगळी पळून गेली.

नॉर्डेनशोल्ड यांचे सगळेच अंदाज खरे ठरले नाहीत. ग्रीनलंडजवळच्या डिस्को बेटावर सापडलेले लोखंडाचे अजस्र गोळे त्यांनी उल्काच मानले होते. ते पृथ्वीच्याच पोटातील बेसाल्ट खडकातून निघाल्याचे पुढे सिद्ध झाले. क्रायोकोनाइटचा बहुतांश भागही वाऱ्याने वाहून आणलेली साधी माती निघाली. अशा चुकांमुळे त्यांच्या धूलिसिद्धान्ताकडे साशंकतेने पाहिले गेले, यात नवल नाही.

कीर्ती मिळाली ती ‘वेगा’ जहाजामुळे. १८७८ च्या उन्हाळ्यात निघालेले हे जहाज बेरिंग सामुद्रधुनी अवघ्या काही दिवसांच्या अंतरावर असताना सप्टेंबरअखेर गोठले, ते जुलै १८७९ मध्येच सुटले. एकही माणूस न गमावता ही मंडळी जपान, श्रीलंका आणि सुएझमार्गे आशियाला वळसा घालून एप्रिल १८८० मध्ये स्टॉकहोमला परतली. राजाने नॉर्डेनशोल्ड यांना बॅरन केले. या प्रवासातही बर्फावरची धूळ टिपणे त्यांनी सोडले नव्हते. उत्तरायुष्यात ते जुन्या नकाशांच्या अभ्यासात रमले. १२ ऑगस्ट १९०१ रोजी स्वीडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा बहुमोल नकाशासंग्रह मात्र, ज्या हेलसिंकीतून त्यांना बाहेर पडावे लागले होते, तेथील विद्यापीठात गेला.

१९८० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल मोरेत आणि त्यांचे सहकारी ग्रीनलंडच्या त्याच हिमपठारावर गेले. वितळलेल्या पाण्याच्या तळ्यांतून त्यांनी क्रायोकोनाइटचा काळा गाळ उपसला, चाळण्यांतून गाळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्या मातीत अंतराळातून आलेले बारीक गोल कण मोठ्या संख्येने मिसळलेले होते.